आबांच्या लाकडी रायफली

माझ्या वडिलांनी आंब्याच्या लाकडातून कोरलेल्या रायफली खऱ्या आहेत, असं एका वेबसाइटवर लिहिलेलं मी वाचलं, तेव्हा वडील माझ्यापासून चार हातांवर बसून मटार सोलत होते.

कतारमधल्या आमच्या अल खोरच्या घरात ते हिवाळ्यापुरते राहायला आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. सकाळी समुद्राकडेनं फिरून यायचे, येताना, गाडीत बसून चहा मागवणाऱ्या इथल्या पोरांसारखा, कागदी कपातला कडक चहा घ्यायचे आणि साखरेवर टीका करत तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. दुपारी मात्र त्यांना वेळ खायला उठायचा. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पाच्या बसनं पहाटे निघालेला असायचा, मी अल रय्यानच्या ऑफिसात. तिथं मी इमारतींची ड्रॉइंग तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या रेषांमधल्या चुका काढायच्या, हाच माझा धंदा. त्यामुळं आबांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून मी तो जुना चित्रपट शोधून काढला.

मी शाळेत असताना कोल्हापूरजवळ त्याचं शूटिंग झालं होतं. लष्करी छावणीत चुकून भरती झालेल्या सहा बावळटांची गोष्ट. चालला बेताचाच. पण त्यातल्या सगळ्या रायफली आबांनी केलेल्या होत्या, आणि आमच्या घरापुरता तो चित्रपट फार मोठा होता. कुणीतरी त्याची खरवडलेली प्रिंट इंटरनेटवर चढवली होती. टीव्हीवर लावून दिला. आबा गोष्टीकडं बघतच नव्हते. शिपाई रांगेत उभे राहिले की पुढं सरकायचे आणि म्हणायचे, "ती तिसरी बघ. तिचा दस्ता मी दोनदा केलाय."

त्या व्हिडिओखाली एका प्रेक्षकानं एक लिंक दिली होती. ती उघडली तर ही वेबसाइट. चित्रपटात दिसणारी बंदूक कुठली, कुठल्या साली बनलेली, खरी की खोटी, हे ओळखण्याचा छंद असलेली जगभरची माणसं तिथं लिहितात. हजारो चित्रपट, प्रत्येकाचं वेगळं पान. आमच्याही चित्रपटाचं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: 'शिपायांच्या हातात थ्री-नॉट-थ्री रायफली दिसतात. बहुधा लष्कराकडून मिळवलेल्या.' खाली एक फोटो. छावणीतला स्वयंपाकी रायफल उलटी टांगून तिच्यावर मोजे वाळत घालतो, तो प्रसंग. कॅमेरा अगदी जवळ. त्याच्याखाली: 'या रायफलीचं मॅगझिन खालच्या बाजूला निमुळतं आहे. अशी रचना कुठंही नोंदलेली नाही. सरहद्दीकडच्या एखाद्या गावठी कारखान्यातली असावी का?' आणि मग त्यावर तीन-चार जणांची भलीमोठी चर्चा.

मॅगझिन म्हणजे रायफलीच्या पोटाखालची गोळ्या भरायची पेटी. खऱ्या रायफलीला ती पत्र्याची असते आणि समोरून बघितलं तर तिच्या बाजू सरळ असतात. आमच्या पेटीच्या बाजू खाली किंचित आत गेलेल्या होत्या, हे त्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. कारण मात्र त्यांना सात जन्म कळलं नसतं. मला ते फोटो बघताक्षणी कळलं.

आबा पॅटर्नमेकर. कोल्हापुरात फाउंड्र्या पुष्कळ. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी हुबेहूब तसाच लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद वर उचलायचा, आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. नमुन्याच्या बाजू सरळ ठेवल्या तर उचलताना वाळू ढासळते. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला केसभर उतार द्यायचा. फाउंड्रीत त्याला ड्राफ्ट म्हणतात. आबांच्या हातात तो ड्राफ्ट इतका मुरलाय की त्यांनी केलेला देव्हारासुद्धा वर निमुळता आहे. आमचा पोळपाट निमुळता होता. मग रायफलीची पेटी तरी कशी सुटणार?

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला आणि सगळं मराठीत सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी मटाराची शेंग तशीच हातात धरली आणि विचारलं, "लष्कराकडनं आणल्यात म्हणून लिवलंय?"

"हो."

"इंग्रजीत?"

"हो आबा. चूक लिहिलंय."

"चूक कशाची? मग झालं की काम!" त्यांचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. "दिग्दर्शक काय म्हनाला हुता? बघणाऱ्याला शंका येता कामा नये. इतक्या वर्षांत आली न्हाई. आनि काय पायजे?"

मला पाहिजे होतं. मला भयंकर पाहिजे होतं. तुमच्या हातच्या वस्तूला कुणीतरी दुसऱ्याच कारखान्याचं नाव चिकटवतं आणि तुम्ही खूश होता, हे मला पटत नव्हतं. मी त्याच संध्याकाळी तिथं खातं उघडलं आणि पान बदललं. 'या रायफली लाकडी आहेत. कोल्हापूरच्या एका पॅटर्नमेकरनं बनवलेल्या. मॅगझिनचा उतार हा ओतकामाच्या नमुन्याचा ड्राफ्ट आहे.' तीन वाक्यं. स्वच्छ.

भाजी शिजेपर्यंत ती पुसली गेली होती.

पुसणारा त्या साइटचा एक संपादक होता. कुठल्या देशातला, मला आजही माहीत नाही. सभ्य माणूस. त्यानं लिहिलं, 'आठवण छान आहे. पण याला आधार काय?'

मी लिहिलं, 'माझा आधार शेजारच्या खोलीत झोपलाय.'

त्यानं उत्तर दिलं, 'घरातल्या आठवणी आम्ही आधार मानत नाही. मुलाखत, बातमी, शूटिंगचे फोटो, असं काही असेल तर जरूर द्या.' आणि 'सरहद्दीकडचा कारखाना' पुन्हा जागेवर आला.

म्हणजे सरहद्दीकडच्या कारखान्याला आधार लागत नव्हता! तो कुणाच्या तरी डोक्यातून निघाला होता, तरी बसला होता मांडी घालून. मी पान परत बदललं. त्यानं परत पुसलं. मी परत. आठवडाभर हा खेळ चालला आणि मग माझं खातंच काही दिवसांसाठी बंद केलं गेलं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो आधी हसला आणि मग गंभीर झाला. तो पुण्याचा, स्वभावानं जपून पाऊल टाकणारा. "अगं, तू रोज बंदुकांच्या साइटवर जातेस? ऑफिसच्या नेटवरून तर नाही ना?"

"लाकडाच्या बंदुका आहेत त्या."

"ते तुला माहितीये. आपण परक्या देशात आहोत. कशाला नसता ताप? आबांना स्वतःला काही वाटत नाही, मग तू कोणासाठी भांडतेयस?"

मी ताटं मांडायला उठले. एवढं खरं की ज्या माणसानं उभं आयुष्य नमुने कोरले, त्याच्या हातचं जगात काहीच शिल्लक नव्हतं. नमुन्यावरून लोखंड ओतलं जातं, पंप बनतो, पंपावर कंपनीचं नाव येतं आणि नमुना फाउंड्रीच्या माळ्यावर जातो. पुढं चुलीत. रायफली तेवढ्या दिसत होत्या. कुणालाही, कधीही, बटण दाबलं की दिसत होत्या. त्याही मी सोडून द्यायच्या? नाही सोडणार, असं मी ठरवलं. यात शहाणपण होतं असं माझं म्हणणं नाही.

माझं खातं पुन्हा सुरू झालं तोवर चर्चेत एक नवा माणूस आला होता. त्यानं छातीठोक लिहिलं होतं की या रायफली मुंबईच्या एका पुरवठादारानं दिल्या, तोच त्या काळी सगळ्या चित्रपटांना खरी शस्त्रं भाड्यानं द्यायचा, नळ्या बुजवून. मी हे आबांना वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर मुद्दाम दाखवलं.

आबांनी मान वर केली. मग म्हणाले, "कोन म्हनतंय?"

"आहे एक जण."

"मुंबैवाला आला हुता, खरं हाय. त्याच्या रायफली खऱ्या. तेच्यासंगं पोलीस यायचा, रायफल खाली पडली की आरडायचा. आनि ह्ये नट रायफली फेकनार, त्यांच्यावर बसनार, चिखलात लोळवनार. दिग्दर्शकानं त्याला पहिल्याच दिवशी परत धाडला. म्हनून तर माझ्याकडं आले." त्यांनी चष्मा काढला. "लष्कराच्या म्हनला, मी खूश हुतो. पन त्या मुंबैवाल्याच्या? त्याच्या न्हवं. लिही तू. भांड."

"आधार मागतात, आबा."

"मागनारच. तो बी बरोबरच मागतोय की. मी फाउंड्रीत कुनाचं तोंडी माप घेतलं न्हाई कधी." ते जरा वेळ बोटं चोळत बसले. "लाकूड मिळंल का हितं?"

ते ऐकून नवरा जेवणावरून उठलाच. कतारमध्ये घरात बसून रायफल बनवायची? लाकडाची असली तरी? गाडीत घालून न्यायची? कुणी बघितलं, कुणी तक्रार केली, तर आबांसकट सगळ्यांचं खलास. त्याचं बोलणं मला पहिल्यांदाच पटलं, आणि आबांनाही. ते म्हणाले, "जावईबापू, रायफल कोन करतंय? नुसती पेटी करतो. एवढीशी. तिला कोन बंदूक म्हनंल? मसाल्याचा डबा म्हनंल."

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं बराच वेळ पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाला, "फक्त पेटी."

इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये आमच्या ओळखीचा एक फोरमन आहे, कुडाळकडचा. दारं-खिडक्यांचं काम करतो. आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी तोच करून देतो. शुक्रवारी वर्कशॉप बंद असतं, तरी त्यानं मालकाला विचारून आमच्यासाठी उघडलं. आत पाऊल टाकल्याबरोबर आबांनी दीर्घ श्वास घेतला. भुशाचा वास. इतक्या आठवड्यांत या देशात त्यांना ओळखीचं असं पहिल्यांदाच काही भेटलं होतं.

फोरमननं विचारलं, "काका, तुमका खयचा लाकूड होया?" आणि एक गुळगुळीत फळी पुढं केली.

आबांनी नखानं तिची कड दाबली. "ह्यो दाबलेला भुसा हाय. लाकूड दे की बाबा."

मग कोपऱ्यातल्या तुकड्यांतून त्यांनी बीच नावाच्या परदेशी लाकडाचा एक ठोकळा उचलला, वास घेतला, तंतू बघितले. पट्टी-करवतीवर फोरमननं तो चिरून दिला. पुढचं सगळं आबांनी हातानं केलं. रंधा, पटाशी, कानस. मी चित्रपटातला फोटो त्यांना दाखवायला गेले तर त्यांनी हातानं बाजूला सारला. "त्यो बघून केलं तर नक्कल हुईल. तुला आधार पायजे ना?"

पहिली पेटी बिघडली. अंगठ्यात वाताची चमक येते त्यांना. पटाशी घसरली आणि एक कड उडाली. त्यांनी ती पेटी कोपऱ्यातल्या ढिगात भिरकावली आणि एक अस्सल कोल्हापुरी शिवी दिली, जी लिहिता येणार नाही. नवरा म्हणाला, "आबा, राहू दे आता. दमला असाल." आबांनी मान वर न करता म्हटलं, "यल्ला." 'चला, आटपा' अशा अर्थाचा हा अरबी शब्द ते चहावाल्याकडून शिकले होते. फोरमन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. दुसरा ठोकळा चिरला गेला.

नवऱ्यानं मोबाइल काढला आणि कुणी न सांगता शूटिंग सुरू केलं. आधी लांबून. मग जवळ गेला, गुडघ्यावर बसला. रंध्याखालून पातळ साल निघत होती आणि आबा कॅमेऱ्याकडं न बघता सांगत होते: ड्राफ्ट का देतात, किती देतात, आतल्या कोपऱ्यात गोलाई का ठेवतात. नवरा मधेच प्रश्न विचारत होता. चांगले प्रश्न. हाच माणूस कालपर्यंत मला त्या साइटवर जाऊ नकोस म्हणून दम देत होता!

पेटीला काळा रंग दिला, तो वाळला. आबांनी विचारलं, "ग्रॅफाइट हाय का?" कुलपात घालायची पूड फोरमनकडं होती. आबांनी ती चिमटीत घेतली आणि पेटीवर बोटानं घासायला लागले. घासता घासता थांबले.

"ह्ये मी केलंच न्हवतं," ते म्हणाले. "ह्ये तुझ्या आईनं केलं."

मला ते माहीत होतं, पण मी विसरले होते. आमच्या पडवीत ओळीनं उभ्या केलेल्या रायफली. आई मांडी घालून बसलेली, जुन्या लुगड्याचा बोळा आणि फाउंड्रीतून आणलेलं ग्रॅफाइट. नुसत्या काळ्या रंगानं लाकूड लाकूडच दिसायचं. आई घासायची आणि त्याला लोखंडाची झाक यायची. तिचे हात कोपरापर्यंत काळे. हळदीकुंकवाला गेली तर बायकांनी विचारलं, अगं, हे काय? तिनं सांगितलं, बंदुका पुसत होते. मी आबांना त्याची आठवण करून दिली.

"पुसनं न्हाई," आबा म्हणाले. "तिचा हात वेगळा हुता. मी घासलं की डाग पडत्यात. बघ." आणि खरंच, पेटीवर डाग पडले होते.

व्हिडिओ मी साइटवर दिला. शिवाय माझ्या धंद्यातली अक्कल वापरली. चित्रपटातला फोटो आणि नव्या पेटीचा त्याच कोनातला फोटो ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवले. बाजूंचा उतार जुळला. कोपऱ्यांची गोलाई नव्या पेटीत जास्त आली होती, कारण बोटं आता तेवढी वळत नाहीत. तो फरकही मी झाकला नाही, लाल रेषेत दाखवला.

संपादकानं लिहिलं की त्यानं व्हिडिओ दोनदा बघितला. आता हा आधार त्याला चालत होता. करणाऱ्याचं नाव काय द्यायचं?

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "नाव कशाला? तालमीत काय फोटो लावायचाय? कोल्हापूरचा पॅटर्नमेकर म्हनून लिही. पन तुझ्या आईचं लिही. ते ऱ्हायलं तर माझं बी नको."

मी तसं कळवलं. दोन वाक्यं हवीत: रायफली कोल्हापूरच्या एका पॅटर्नमेकरनं कोरल्या, आणि त्यांना ग्रॅफाइटची झिलई त्याच्या पत्नीनं हातानं दिली. संपादकानं पहिलं घेतलं. दुसऱ्याबद्दल म्हणाला, 'पॉलिश कुणी केलं, असे तपशील आम्ही सहसा देत नाही.'

मग मात्र माझा तोल गेला. मी लिहिलं, 'तुम्ही इतकी वर्षं ज्याला लोखंड समजलात, ते तिचं काम आहे. आकार बघून तुम्हाला शंका आलीच होती. तिच्या झिलईमुळं तुम्ही ती शंका गिळलीत आणि सरहद्दीवर कारखाना शोधायला गेलात. दोन्ही वाक्यं ठेवा, नाहीतर दोन्ही काढा. काढलीत तर मी परत घालीन. खातं बंद केलंत तर नवीन उघडीन. मला इथं भरपूर वेळ आहे.' पाठवण्याआधी नवऱ्याला वाचून दाखवलं. वाटलं, आता हा अडवणार. तो म्हणाला, "शेवटचं वाक्य खोटं आहे, वेळ तुला अजिबात नाही. पण राहू दे."

काही दिवस काहीच उत्तर आलं नाही. आबांचं परतीचं विमान जवळ आलं होतं. बॅगा भरायला काढल्या होत्या, खजुरांची खोकी टेबलावर होती. मी ऑफिसातून येऊन पान उघडलं तर दोन्ही वाक्यं तिथं होती. इंग्रजीत, ग्रॅफाइटच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं, पण होती. सरहद्दीचा कारखाना गेला होता. मुंबईवालाही गेला होता. मी आबांना मराठीत वाचून दाखवलं.

"परत वाच," ते म्हणाले.

परत वाचलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि न समजणाऱ्या त्या ओळींवरून बोट फिरवलं. पान सरकून वर गेलं तेव्हा घाबरून फोन माझ्याकडं दिला. "पुसलं काय मी?"

"नाही आबा. आता कुणी पुसत नाही."

ते कोल्हापूरला गेले. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं नाही, तशी आमच्याकडं पद्धतच नाही. फक्त म्हणाले, "तू माझ्यापेक्षा हट्टी हायस. आईवर गेलीस."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाले की एका ऐतिहासिक चित्रपटातली तोफही त्यांचीच होती. नळी प्लायवूडच्या कड्यांवर पत्रा वाकवून केलेली, चाकं तेवढी बैलगाडीची. मी शोधलं. त्याच साइटवर त्या चित्रपटाचंही पान आहे, आणि तोफ ओतीव पितळेची, कुठल्याशा संग्रहालयातून आणलेली, असं लिहिलंय. मी दुरुस्ती टाकली. ती तासाभरात काढली गेली. यावेळी संपादक दुसराच होता. त्यानं आधार मागितला.

मी परत टाकली आहे.